उवाच

आमच्या मध्यमवर्गात रोगांनाही आपापली प्रतिष्ठा असते. रक्तदाबवाला वरचा आणि खालचा असे दोन्ही आकडे क्रिकेटच्या धावसंख्येसारखे सांगतो. मधुमेहवाला पेढा तोंडात टाकता टाकता जेवणापूर्वीची आणि जेवणानंतरची साखर सांगतो. गुडघा बदलून आलेल्या गृहस्थाला तर त्या गुडघ्याची किंमत सांगितल्याशिवाय जिना चढवत नाही. मूळव्याध जरा खासगी, पण दुसऱ्या चहाला तिचाही विषय निघतो. डोक्यात उवा झाल्या आहेत, हे मात्र कुठल्याही घरात कुणी मोकळेपणाने सांगितल्याचे मी ऐकलेले नाही. फारच गळ्याशी आले तर "शाळेतून आणल्या" असे म्हणतात. जणू वाचनालयातून पुस्तक आणले आहे आणि आठ दिवसांत परत करायचे आहे!

वास्तविक या प्राण्याइतके जुने घराणे आपल्यापैकी कुणाचेही नसेल. इजिप्तमधल्या ममींच्या केसांतसुद्धा लिखा सापडल्या आहेत. राजा गेला, राज्य गेले, लीख केसाला धरून आहे. इस्रायलमध्ये लाखीश नावाच्या ठिकाणी उत्खननात हस्तिदंताची एक एवढीशी फणी मिळाली. सुमारे 3700 वर्षांपूर्वीची. तिच्यावर काही ओरखडे होते. ती अक्षरे आहेत हे लक्षात येऊन त्यांचा अर्थ 2022 साली प्रसिद्ध झाला, तेव्हा समजले की या फणीने केसांतल्या आणि दाढीतल्या उवा निघाव्यात, अशी ती प्रार्थना आहे. चित्रलिपी वगैरे त्याही आधीच्या. पण वर्णमालेत लिहिलेले, आजवर सापडलेले सर्वांत जुने अख्खे वाक्य ते हेच. आम्हा लेखक मंडळींची समजूत अशी की, माणसाने पहिल्यांदा अक्षर गिरवले ते देवाच्या स्तुतीसाठी, गेला बाजार एखाद्या प्रेमपत्रासाठी. छे! डोके खाजत होते म्हणून.

तर आमच्या नातीच्या शाळेतून एके दिवशी पालकांच्या मोबाईलवर निरोप आला. "वर्गातील काही विद्यार्थिनींच्या डोक्यात उवा आढळल्या आहेत. पालकांनी दक्षता घ्यावी." त्यावर पालकांनी काय करावे? बावीस जणांनी हात जोडल्याची चित्रे पाठवली. एकाने गुलाबाचे फूल पाठवले. एका आईने "आमच्याकडे नाहीत, पण माहितीबद्दल आभार" असे लिहिले, आणि मग सगळ्यांनाच ते वाक्य आवडले. स्टेशनवर बेवारशी पेटी सापडावी आणि सगळ्या प्रवाशांनी तिच्याकडे पाठ फिरवून वर्तमानपत्र वाचू लागावे, तसे झाले.

आमची चिमू तिसरीत आहे. पाढे म्हणताना ती डोके खाजवते, हे तिच्या बापाला एकाग्रतेचे लक्षण वाटत होते. रविवारी सकाळी सौ. तिच्या डोक्याला तेल लावायला बसली आणि एकदम मला म्हणाली,

"अहो, खिडकी लावा."

घरात साप निघाला तर माणूस दार उघडतो. ऊ निघाली की खिडकी लावतो.

चिमूचे केस कमरेपर्यंत आहेत आणि ते सौ.ने वाढवले आहेत. तिच्या डोक्यावर आहेत एवढेच. शिवाय बारा दिवसांवर गॅदरिंग आलेले. मंगळागौरीच्या खेळांत चिमू पुढच्या रांगेत, नऊवारी, नथ आणि खोपा. मोठा बिकट प्रसंग होता. आमच्या चिरंजिवांनी लॅपटॉपमधून मान वर न करता तोडगा सुचवला, "बॉयकट करून टाका. विषय संपला." यावर न्हाणीघरातून जो हंबरडा ऐकू आला तो ऐकून खिडकी लावण्यात काही अर्थ उरला नव्हता, हे माझ्या लक्षात आले.

आणि खरोखरच अर्ध्या तासात मदत येऊ लागली. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी वाटीभर पूड घेऊन आल्या. सीताफळाच्या बियांची. "दह्यात कालवून लावा वहिनी, रात्रभर ठेवा, सकाळी एक जिवंत राहायची नाही." वरचे अण्णा म्हणाले, आमच्या वेळी रॉकेल चोळत आणि वर फडके गुंडाळत. शहरात आता रॉकेल सहसा दृष्टीस पडत नाही, म्हणून ते जरा हळहळले. तिसऱ्या एका हितचिंतकाने ढेकणांचे औषध सुचवले. "थोडं पाणी घालून," असेही म्हणाला. दयाळू माणूस!

आमच्याकडे उवांवर जेवढे उपाय आहेत त्यांतले निम्मे उवेपेक्षा माणसाला जास्त लागू पडतील, हे मी विनोदाने सांगत नाही. रॉकेल चोळलेले डोके घेऊन पोर गॅसपाशी किंवा देवाच्या समईपाशी गेले तर काय होईल, हे सांगायला नको. ढेकूण-झुरळांचे औषध हे विष आहे. ते गादीच्या शिवणीसाठी केलेले, पोराच्या कातडीसाठी नव्हे. बिचारी ऊ काय करते? रक्त पिते आणि खाज आणते. टायफस नावाचा ताप उवांमुळे पसरतो हे शार्ल निकोल या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1909 साली दाखवले आणि त्याला 1928 चे नोबेल पारितोषिक मिळाले, पण त्या उवा कपड्यांत राहणाऱ्या. डोक्यातल्या उवा असला रोग पसरवत नाहीत. म्हणजे डोक्यातली ऊ ही त्रासदायक पाहुणी आहे, दरोडेखोर नव्हे. पाहुणी घालवण्यासाठी घराला आग लावत नाहीत.

सौ.ने दह्याचे भांडे काढलेही होते. तेवढ्यात सातारहून ताईचा, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा फोन आला. ती दर रविवारी करते. सौ.ने हळू आवाजात हकिगत सांगितली. पलीकडे क्षणभर काही ऐकू येईना. मग ताई म्हणाली, "डोक्याला काहीएक लावायचं नाही. मी दुपारच्या एसटीने येते."

ताईने शाळेत 32 वर्षे विज्ञान शिकवले. तिच्याशी वाद घालायची सवय आमच्या घरात कुणाला नाही. पण तिच्या त्या गप्प राहण्याचे कारण मला ठाऊक होते.

1963 सालची गोष्ट. आम्ही सातारला वाड्यात राहत होतो. ताई नऊ वर्षांची होती, मी सहा. तिच्या डोक्यात उवा झाल्या आणि आजीने हीच पूड लावली, सीताफळाच्या बियांची. मागच्या अंगणात, खाली मान घालायला लावून. वरून पाणी ओतले तसे ते सगळे डोळ्यांत गेले. ताई कशी ओरडली ते मला अजून आठवते. दोन दिवस तिचे डोळे उघडले नाहीत. डॉक्टर आले, त्यांनी डोळे धुतले, मलम घातले, पट्टी बांधली आणि आजीला न बोलता जेवढे बोलता येते तेवढे बोलले. डोळे वाचले. उजव्या डोळ्यात बुबुळावर एक बारीक पांढरा ठिपका राहिला, तो आजही आहे. त्या बियांची पूड बुबुळाला अक्षरशः भाजते, हे डोळ्यांचे डॉक्टर आपल्याकडे अजून सांगत असतात, आणि वाट्या अजून फिरत असतात.

आजीला पश्चात्ताप झाला, पण उवा राहिल्याच होत्या. तेव्हा तिने फर्मान काढले, पोरीचे डोके भादरा. न्हाव्याला निरोप गेला. वाड्यात त्या वेळी आजोबांची आत्या असे, आम्ही तिला अक्का म्हणत असू. बाराव्या वर्षी विधवा झालेली, सोवळी, लाल आलवणातली. त्या बाईने घरात कधी कुठल्या गोष्टीला होय किंवा नाही म्हटलेले कुणी ऐकले नव्हते. ती माजघरातून बाहेर आली, पट्टी बांधलेल्या ताईला घेऊन तुळशीपाशी बसली आणि म्हणाली, "या पोरीच्या डोक्याला वस्तरा लागायचा नाही." न्हाव्याला परत पाठवले. मग रोज दुपारी तास-दीड तास ती फणी घेऊन बसे. पांढऱ्या फडक्यावर उवा पाडी, नखाने लिखा ओढी. दिसायचे तिला कमीच, म्हणून मला शेजारी बसवून विचारी, "आहे का रे काही?" महिनाभर हे चालले. ताईचे केस राहिले. अक्काच्या मानेवर पदराखाली पांढरी खुंटे वाढलेली असत, ती मला तिच्या शेजारी बसल्यावर दिसत.

ताई संध्याकाळी आली. पहिले काम तिने हे केले की वाटी उचलली, दोन पदरी कागदात पूड बांधली आणि कचऱ्यात टाकून हात साबणाने धुतले. मग मला म्हणाली, "जा. परमेथ्रिन, एक टक्का. लोशन. लिहून घे."

सौ. थक्क झाली. तिची अपेक्षा की वन्सं आल्या म्हणजे कडुनिंबाचा पाला तरी निघेल.

औषधांच्या दुकानात अशा वस्तू मागायची एक रीत असते. गर्दी सरेपर्यंत खोकल्याच्या गोळ्या न्याहाळत राहायचे, मग पुढे वाकून हळूच बोलायचे. मी तसे केले. दुकानदार पोक्त माणूस, मान डोलावली आणि माळ्यावरच्या पोराला खणखणीत आवाजात म्हणाला, "अरे, काकांना उवांचं काढ रे!" दुकानात सात माणसे होती. सातही अर्धा पाऊल मागे सरकली. माझ्या डोक्याकडे पाहून, म्हणजे तिथे जे काही उरले आहे त्याकडे पाहून, एक बाई म्हणाल्या, "यांना कुठे झाल्या?" पोराने ट्यूब आणून दिली. चिठ्ठीशी ताडून पाहिली तर ते पाच टक्क्यांचे मलम, खरजेवरचे. मी परत दिले. "तेच असतं हो, जरा स्ट्राँग," पोरगा म्हणाला. ताई समोर नव्हती हे त्याचे नशीब. शेवटी एक टक्क्याची बाटली मिळाली.

ताईने बाटली बाजूला ठेवली आणि आतला कागद उलगडला. हा कागद आपण सगळेच उलगडतो, पण बाटली पुन्हा डुगडुगू नये म्हणून गुंडाळून ठेवण्यासाठी. ताईने तो भिंगाखाली धरून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला आणि मग आम्हाला एकेक ओळ समजावली. शेवंतीच्या भाऊबंदांतल्या एका फुलात किडे मारणारे द्रव्य असते; तसल्याच धर्तीचे हे रसायन इंग्लंडमधल्या शास्त्रज्ञांनी 1973 साली तयार केले. याने जिवंत ऊ मरते, लीख मरत नाही. लिखेतून ऊ बाहेर यायला आठवडा, सव्वा आठवडा लागतो. म्हणून आज एकदा लावायचे आणि नवव्या दिवशी पुन्हा, म्हणजे मधल्या काळात बाहेर आलेली पिल्ले अंडी घालायच्या आत सापडतात.

"मग रोज लावलं तर?" सौ.ने विचारले.

"तर कातडी सोलेल. गणितं अशी सुटत नाहीत."

प्रत्यक्ष कार्यक्रम असा झाला. आधी साध्या शांपूने तेल काढले, वर कंडिशनर नाही. केस टॉवेलने टिपून ओलसर ठेवले. चिमूला खुर्चीवर बसवून तिच्या हातात घडी घातलेला पंचा दिला आणि तो डोळ्यांवर घट्ट धरायला सांगितला. त्या पंच्याकडे ताईचे जेवढे लक्ष होते तेवढे उवांकडे नव्हते. मग मुळापासून टोकापर्यंत लोशन, कानांच्या मागे आणि मानेवर जास्त, कारण उवांची वस्ती तिथेच दाट. चिमूने मोबाईलवर दहा मिनिटे लावली आणि मोठ्याने सेकंद मोजू लागली. नवव्या मिनिटाला सौ. म्हणाली, "वन्सं, एवढं आणलंय तर वीस मिनिटं ठेवू या का?" ताईने नुसते पाहिले. शाळेतल्या 32 वर्षांच्या मुली त्या एका नजरेत मला दिसल्या. दहा मिनिटांनी बेसिनवर पुढे वाकवून कोमट पाण्याने केस धुतले, पाणी अंगावर ओघळू न देता. पंचा शेवटपर्यंत डोळ्यांवर.

मग फणी. बारीक दातांची, धातूची. चिमूच्या खाली पांढरे फडके. खरी लढाई ही आणि ती तासभर चालते. तिळाएवढी ऊ फडक्यावर पडते, ती दिसते तरी. लीख केसाला मुळाशी अशी चिकटलेली असते की सिमेंटवाल्यांनी अभ्यास करावा. इंग्रजीत बारीकसारीक चुका काढत बसणाऱ्याला निटपिकर म्हणतात, म्हणजे लिखा वेचणारा. माझ्या लेखांतल्या ऱ्हस्वदीर्घाबद्दल मला नियमित पत्रे पाठवणाऱ्या एका सद्गृहस्थांची त्या तासात फार आठवण झाली. त्यांच्या हातात फणी दिली असती तर वीस मिनिटांत काम झाले असते.

ताईने मग हुकूम सोडला, "आता सगळ्यांची डोकी."

माझे डोके एका दृष्टिक्षेपात पास झाले. "इथे राहिल्या तर उन्हानेच मरतील," ताई म्हणाली. चिरंजीव पास. सूनबाईंच्या डोक्यात चार निघाल्या. सौ.च्या डोक्यात एकोणीस. खोलीत विलक्षण शांतता पसरली. सासूच्या डोक्यातल्या एकोणीस आणि सुनेच्या डोक्यातल्या चार, या आकड्यांचा अर्थ कुणी कसाही लावला तरी तो धोक्याचा होता. चिमू रोज आजीच्या कुशीत झोपते. म्हणजे कुणाकडून कुणाकडे, हा प्रश्न दोन पिढ्यांच्या मध्ये येऊन उभा राहिला. सूनबाई शहाणी, ती नुसती "आई, बाटली पुरेल ना?" एवढेच म्हणाली.

सौ.ला मात्र एक आरोपी हवा होता. "मी सांगते, कामाला येणाऱ्या बाईंच्या मुलीकडून आल्या. चिमूशी खेळते ना!" दुसऱ्या दिवशी ताईने बाईंना सरळच विचारले. लपवून नाही, टोमणाही नाही. आमच्याकडे झाल्यात, तुमच्या लेकीचं डोकं बघू का? बाई म्हणाल्या, "बघा की. दर रविवारी फणी असते तिला." दोन घट्ट वेण्या सोडल्या, एक लीखदेखील नाही. बाईंनी वेण्या पुन्हा घातल्या आणि जाता जाता लेकीला म्हणाल्या, "चिमूताईंच्या डोक्याला डोकं लावून बसू नगंस काही दिवस." सौ. त्या दिवशी चहात साखर घालायला विसरली.

शास्त्र तेच सांगते. ऊ उडत नाही, उड्या मारत नाही, गरिबी-श्रीमंती पाहत नाही, स्वच्छ केसांचाही तिला कंटाळा नाही. ती चालते, तीही डोक्याला डोके लागले तरच. पूर्वी मुली सागरगोटे खेळताना डोकी लावत, आता एका मोबाईलवर चार डोकी टेकतात. डोक्यावरून खाली पडलेली ऊ उपाशीपोटी एक-दोन दिवसांत मरते. त्यामुळे उशांचे अभ्रे, चादरी, रिबिनी गरम पाण्यात धुतल्या की पुरे, सौ.ने सोफा विकायला काढला होता तो ताईने थांबवला.

पण ताईला वेगळीच काळजी होती. आपण नऊ दिवसांनी मोकळे होऊ आणि दहाव्या दिवशी वर्गातून पुन्हा आणू. "सगळ्यांनी एकदम केलं तरच उपयोग," ती म्हणाली. रात्री साडेनऊला सूनबाईने पालकांच्या गटावर लिहिले, "आमच्या मुलीच्या डोक्यात उवा झाल्या आहेत. माझ्याही." पुढे लोशनचे नाव, टक्के, दहा मिनिटे, नववा दिवस, डोळ्यांवर पंचा, आणि सीताफळाची पूड अजिबात नको, असे सगळे. मग फोन उलटा ठेवून ती बसून राहिली. सात मिनिटे काहीच आले नाही. सौ. म्हणाली, "आता आपल्या चिमूला कुणी वाढदिवसाला बोलावणार नाही." आठव्या मिनिटाला एकीने लिहिले, "आमच्याकडेही." मग दुसरीने. अकरा वाजेपर्यंत "आमच्याकडेही" सोळा झाल्या, त्यांत त्या "आमच्याकडे नाहीत, पण आभार" होत्याच. एकीने विचारले, दीड महिन्याच्या धाकट्यालाही लावू का? ताईने सूनबाईकडून तात्काळ लिहून घेतले, दोन महिन्यांखालच्या बाळाला लावायचे नाही, डॉक्टरांना विचारा. एक बाप म्हणाले, आम्ही आज सकाळीच पूड वाटून ठेवली होती, टाकून देतो. ताईने तो निरोप दोनदा वाचून घेतला.

मधले आठ दिवस कसोटीचे गेले. चिमूचे डोके अजून खाजत होते आणि सौ.ची बाटलीकडे नजर जात होती. औषधाने ऊ मेली तरी कातडीची खाज काही दिवस राहते, हे ताईने रोज एकदा सांगितले. एक दिवसाआड फणी चालू. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत दूधवाल्याच्या खाड्यांशेजारी, संकष्टीच्या खाली, सौ.ने "दु. लो." असे लिहिले. ते "दुसरे लोशन" आहे हे मला माहीत होते. शेजारच्या वहिनी दोन दिवस विचारत होत्या, कुणाचं लग्न आहे?

नवव्या दिवशी पुन्हा खुर्ची, पंचा, दहा मिनिटे, बेसिन, फणी. फडके पांढरेच राहिले. ताईने ते खिडकीपाशी नेले आणि डावा डोळा जवळ आणून पाहिले. मग मला हाक मारली.

"आहे का रे काही?"

"नाही," मी म्हणालो.

गॅदरिंगला चिमूचा खोपा ताईने घातला. मंगळागौरीच्या खेळात सगळ्या मुली फुगड्या घालत होत्या, डोकी लांब ठेवून. बाईंनी तसे बजावले असावे. ताई दुसऱ्या दिवशी सातारला गेली. तिला एसटीत बसवून परत येत होतो तेव्हा तो औषधवाला दुकानाच्या पायरीवर उभा होता. रस्त्याच्या पलीकडून, रिक्षा, दुचाक्या आणि चार-पाचशे माणसे मध्ये असताना ओरडला, "काय काका, गेल्या का?"

"गेल्या!" मी इकडून ओरडलो. "नवव्या दिवशी!"

सिग्नलला थांबलेल्या स्कूटरवरची एक बाई वळली आणि म्हणाली, "कोणतं औषध हो?"